डर्वेंट खोऱ्यातील जलाशयांवर पक्षी का दिसत नाहीत?

प्रश्न

नमस्कार. पुण्यात असताना हिवाळ्यातले बरेच रविवार मी भिगवणला, उजनीच्या काठावर घालवले आहेत. आता नोकरीनिमित्त शेफिल्डला आलो असून पीक डिस्ट्रिक्टमधील हाउडन, डर्वेंट आणि लेडीबॉवर या जलाशयांवर फेब्रुवारीत दोनदा जाऊन आलो. पाणी अफाट आहे, परंतु तासन्‌तास दुर्बीण लावूनही थोडी मॅलार्ड बदके व कॅनडा हंस यांखेरीज काहीच दिसले नाही. माझी वेळ चुकते आहे, जागा चुकते आहे, की या पाण्यावर पक्षी नसतातच?

पहिले उत्तर

आपण भिगवणच्या सवयीने पाण्याकडे पाहत आहात, आणि इथे नेमके तेच टाळायला हवे. उजनीचा काठ उथळ आणि चिखलाचा आहे, शिवाय भीमेतून वाहून येणाऱ्या पोषकद्रव्यांमुळे पाण्यात खाद्य भरपूर असते. डर्वेंट खोऱ्यात पाणी येते ते पीटच्या, म्हणजे हजारो वर्षे साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी झाकलेल्या पठारांवरून. त्यामुळे ते आम्लधर्मी, कोऱ्या चहासारखे तपकिरी आणि पोषणाच्या दृष्टीने गरीब असते. दरी अरुंद असल्याने काठापासून थोड्याच अंतरावर पाणी खोल होते, आणि पातळी खाली गेल्यावर उघडा पडणारा पट्टाही बराचसा दगडगोट्यांचा असतो. बदकांच्या मोठ्या थव्यांनी इथे थांबावे असे फारसे काही नाही.

मात्र त्याच दगडी काठावर एप्रिलच्या अखेरीस तुतवार येतो आणि विणीसाठी राहतो. भिगवणला हिवाळ्यात शेपटी सतत वरखाली हलवत फिरणारा जो आपण पाहिला असेल, तीच ही जात; इथले तुतवार हिवाळ्यासाठी पश्चिम आफ्रिकेकडे जातात. मे महिन्यात हाउडनच्या वरच्या टोकाला, स्लिपरी स्टोन्सच्या जुन्या दगडी पुलापर्यंत चालत जावे. (हा पूल लेडीबॉवरखाली गेलेल्या डर्वेंट गावचा, तो तिथून हलवून इथे पुन्हा उभारला आहे.) ओढ्यात डिपर (वाहत्या पाण्यात बुडी मारून खाद्य शोधणारा पक्षी) आणि करडा धोबी पाहावेत, आणि मग हेदरच्या, म्हणजे जांभळ्या फुलांच्या खुरट्या झुडपांच्या, पठारावर चढावे. रेड ग्राउज, सोनचिखल्याची एक जात आणि कर्ल्यू हे पक्षी तिथे वीण करतात. उतारावरच्या खडकाळ घळींत रिंग ऊझल, म्हणजे छातीवर पांढरी चंद्रकोर असलेला कस्तुराचा भाईबंद, गाताना ऐकू येतो. मला स्वतःला या खोऱ्यात त्याच्या शिळेहून प्रिय काही नाही.

दुसरे उत्तर

वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु फेब्रुवारी वाया गेला असे मानू नये. फेब्रुवारी-मार्चमधील निरभ्र, हलक्या वाऱ्याच्या सकाळी जलाशयांभोवतीच्या सूचिपर्णी लागवडीवर गॉसहॉक हा शिकारी पक्षी प्रणयोड्डाण करतो. त्यासाठी पाण्याकडे पाठ करून, समोरच्या झाडांचे शेंडे दिसतील अशा उंच जागी दोन-तीन तास शांत बसावे लागते. ब्रिटनमधून जवळजवळ नाहीसा झालेला हा पक्षी विसाव्या शतकात शिकारी पक्षी पाळणाऱ्यांकडून सुटलेल्या व सोडलेल्या पक्ष्यांपासून पुन्हा वाढला, आणि याच भागात त्याचा बेकायदेशीर छळही पुष्कळ झाला. त्यामुळे घरटे सापडल्यास जागा कोठेही जाहीर करू नये. १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार त्याला घरट्यापाशी जाणूनबुजून त्रास देणे हा गुन्हा आहे.

तिसरे उत्तर

सोबत कुत्रा असल्यास, मोकळ्या पठारावर १ मार्च ते ३१ जुलै या काळात त्याला दोन मीटरपेक्षा लांब नसलेल्या दोरीने बांधून ठेवणे बंधनकारक आहे, कारण घरटी थेट जमिनीवर असतात. डर्वेंट धरणाजवळच्या फेअरहोम्सपासून वर जाणारा रस्ता उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी गाड्यांना बंद असतो. तेव्हा चालण्याचे अंतर धरूनच निघावे.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खाद्य नाही म्हणून पक्षी नाहीत, ही साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मार्चमधल्या पहिल्या निरभ्र सकाळी गॉसहॉकसाठी बसेन आणि मे महिन्यात स्लिपरी स्टोन्सला जाईन. तिथे तुतवार विणीच्या काळात कसा ओरडतो ते ऐकण्याची विशेष उत्सुकता आहे, कारण भिगवणला तो मी केवळ उडून जातानाच ऐकला आहे.