तांबी बसवताना सुन्न करण्याबद्दल कुणी विचारतच का नाही?

सिंहगडरोडवाली
दोन सिझेरियन झालीत. गेल्या आठवड्यात तांबी बसवून घेतली. डॉक्टर म्हणाल्या, "मुंगी चावल्यासारखं होईल." गर्भाशयाचं तोंड चिमट्याने धरलं आणि कमरेतून अशी कळ गेली की दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. दाढ काढतानाही आधी इंजेक्शन देतात ना? सुन्न करायचं का, हे प्रत्येकीला आधी विचारायलाच हवं.

हडपसरची नर्स
तुमचा त्रास खरा आहे, पण सरसकट प्रत्येकीला हे मला पटत नाही. अठरा वर्षं या कामात आहे. नॉर्मल डिलिव्हरी झालेल्या बऱ्याच जणी लगेच उठून घरी जातात. ते इंजेक्शनही तिथेच द्यायचं, तेही टोचतंच. भुलेचं नाव काढलं की सासू म्हणते, "म्हणजे ऑपरेशनच की!" कॉपर टी ३८०ए ही तांबी दहा वर्षं चालते, हवी तेव्हा काढता येते. तिची धास्ती बसलेल्या बायका मग गर्भपाताच्या गोळ्या घेऊन येतात, त्यांना मी सांभाळलंय.

सिंहगडरोडवाली
धास्ती "मुंगी"मुळे बसते, ताई. माझी अवस्था बघून जावेने तिची तारीखच रद्द केली.

कोथरूडची डॉक्टर
अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये सांगितलंय की लिडोकेन हे सुन्न करणारं औषध, वरून लावून किंवा इंजेक्शनने, दुखणं कमी करायला उपयोगी पडू शकतं. गर्भाशयाचं तोंड मऊ करणारं मिसोप्रोस्टॉल मात्र सरसकट देऊ नका, हेही त्यातच आहे. मूल न झालेली किंवा फक्त सिझेरियन झालेली बाई आली तर मी विचारतेच. आधी आयब्युप्रोफेन ही वेदनाशामक गोळी देण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्याने बसवतानाची कळ कमी होत नाही.

हडपसरची नर्स
मॅडम, तुमच्याकडे वेळ ठरवून येतात. आमच्याकडे ओपीडीची रांग जिन्यापर्यंत आणि डॉक्टर एकच. इंजेक्शन देऊन थांबायचं कुठे?

कोथरूडची डॉक्टर
रांगेचं मान्य. पण "दुखेल, थांब म्हणालीस की थांबते" एवढं सांगायला रांग आड येत नाही.

बाणेरहून
माझी उद्याच तारीख आहे. नेमकं काय विचारू?

कोथरूडची डॉक्टर
"गर्भाशयाच्या तोंडाला लिडोकेन देता का?" असंच विचारा. आधी कधी त्याची ॲलर्जी आली असेल तर सांगा. उपाशीपोटी जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या आणि येताना स्कूटर स्वतः चालवू नका.