संस्थेतर्फे मुलांना जेवण देतो, पण आठवड्यातून एकदाच... बाकीच्या दिवसांचं काय करावं?

ओंजळभर:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वेळ काढून वाचा प्लीज.

आमच्या प्रार्थनास्थळाला जोडून एक छोटी सेवाभावी संस्था आहे, मी तिथे स्वयंपाकाला असते आणि थोडाफार हिशेब बघते. सामुदायिक प्रार्थनेच्या दिवशी दर आठवड्याला आजूबाजूच्या वस्तीतल्या मुलांना आम्ही पोटभर जेवायला घालतो. कुठल्याही धर्माचं मूल असो, कुणाला नाही म्हणत नाही. मुलं येतात, जेवतात, खूश होऊन जातात. पण हल्ली वाढताना मला नुसतं समाधान वाटत नाही, काळजी जास्त वाटते. काही मुलं इतक्या घाईने खातात की समजतं आदल्या दिवसापासून नीट काही पोटात गेलेलं नाही, काही जण अर्धं खाऊन उरलेलं हळूच फडक्यात बांधतात कारण घरी धाकटं भावंडं असतं. मग पुढचे सहा दिवस ही मुलं काय खातात?

कमिटीत एकमत नाहीये. काहींचं म्हणणं की आहे ते चालू ठेवा आणि सणाला मोठा कार्यक्रम करा, देणगीदार पण त्यालाच पैसे देतात. मला आणि अजून दोघातिघांना वाटतं की थोडं द्यावं पण रोज द्यावं. त्यात दोन ज्येष्ठ मंडळी म्हणतात जेवणाआधी सगळ्या मुलांनी प्रार्थना म्हटलीच पाहिजे, संस्था श्रद्धेतून उभी राहिली आहे ना. त्यांचं मन मोडायचं नाहीये, त्यांनी आयुष्य घातलंय ह्या कामात. पण दुसऱ्या धर्माच्या काही आया मुलांना दारापर्यंत सोडतात आणि तिथेच घुटमळत उभ्या राहतात, ते बघवत नाही हो. शिवाय देणगीदारांना जेवणाऱ्या मुलांचे फोटो हवे असतात.

पैसा मर्यादित, माणसं मर्यादित. ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून बघितलंय त्यांनी सांगा, सुरुवात कुठून करू?

फळाखडू:
ताई, मी प्राथमिक शाळेत शिकवते त्यामुळे माझ्या बाजूने सांगते. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी वर्गात कोण उपाशी आलंय ते शिक्षकाला लगेच कळतं. डोकं दुखतंय, पोट दुखतंय, चक्कर येतेय अशा तक्रारी सकाळी पहिल्या दोन तासांत येतात, आणि ते मूल अभ्यासात कच्चं नसतं, त्याच्या पोटात काही नसतं म्हणून लक्ष लागत नाही. ज्या शाळेत दुपारचं जेवण मिळतं तिथे सुद्धा सकाळ आणि सुट्टीचे दिवस रिकामेच राहतात, आणि मोठी सुट्टी तर सगळ्यात वाईट. म्हणून माझं मत असं की आधी शाळेशी बोला, मुलाला जेवण कुठल्या वेळी मिळत नाही ते शोधा आणि तेवढीच वेळ तुम्ही धरा. सगळं तुम्हीच करायला पाहिजे असं नाही.

अमेरिकेत लिटल रॉक शहरात आर्कान्सा राइस डेपो म्हणून संस्था होती, वेगवेगळ्या पंथांच्या लोकांनी मिळून चालवलेली. १९९० च्या दशकात तिथल्या एका शाळेतल्या नर्सने त्यांना सांगितलं की मुलं पोटदुखी आणि चक्कर घेऊन माझ्याकडे येतात आणि खरं कारण भूक आहे. मग त्यांनी शाळेच्या दप्तरासारख्याच साध्या पिशवीत मुलांना घरी न्यायला खाणं द्यायला सुरुवात केली. पिशवी बाकीच्यांसारखीच, त्यामुळे कोण मदत घेतंय ते कुणाला कळत नाही. पुढे ही पद्धत तिकडे खूप ठिकाणी पसरली. तुमच्याकडे फडक्यात बांधून नेणारी मुलं आहेत ना, त्यांच्यासाठी हेच करा. त्यांना लपवून न्यायला लागू नये, उघड हातात पिशवी मिळावी, त्यात धाकट्यांचं पण असावं. आणि चूल न पेटवता खाता येईल असं काहीतरी त्यात हवंच, कारण घरी इंधन असेलच असं नाही आणि शिजवायला मोठं माणूस असेलच असंही नाही.

अजून एक, यादी करताना मुलांना "तुमच्या घरी खायला आहे का" असं वर्गात सगळ्यांसमोर कधी विचारायचं नाही. शिक्षकांना नावं माहीत असतात, त्यांच्याकडून गुपचूप घ्यायची.

मोठंपातेलं:
मी अशाच एका धार्मिक संस्थेच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं काम करतोय. थोडं पण रोज, ह्याला माझा पूर्ण पाठिंबा. सणाला पाच पदार्थ केले की आपल्याला छान वाटतं, पण मुलाच्या पोटाला सण कळत नाही. रोज मिळणार हे मुलाला एकदा पक्कं ठाऊक झालं की ते हावरेपणाने खायचं थांबतं, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मेरीज मील्स ह्या संस्थेचं उदाहरण कमिटीला सांगा. मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो नावाच्या स्कॉटलंडच्या कॅथलिक माणसाने २००२ मध्ये मलावीत दुष्काळ असताना सुरुवात केली, पहिल्यांदा फक्त २०० मुलं होती. रोज, शाळेच्या दिवशी, शाळेतच, एकच साधी पौष्टिक पेज. एवढंच. पक्वान्नं नाहीत की समारंभ नाही. आज वेगवेगळ्या देशांत मिळून शाळेच्या प्रत्येक दिवशी २० लाखांवर मुलं त्यांच्याकडे जेवतात. नाव येशूच्या आईचं आहे पण जेवण सगळ्या धर्मांच्या मुलांना. आणि शिजवतं कोण, तर त्याच गावातले पालक आणि आज्या, पाळीपाळीने. माझ्या मते खरी गोष्ट ही आहे. बाहेरून येऊन वाढणारे लोक कितीही चांगले असले तरी कधीतरी दमतात, पण स्वतःची मुलं जिथे जेवतात तिथला स्वयंपाक आई सोडत नाही. तुमच्या दारात घुटमळणाऱ्या आया आहेत ना, त्यांना आत बोलवा आणि पातेल्यापाशी उभं करा. भाजी चिरू दे, वाढू दे, काय करायचं ते ठरवू दे. घेणारी बाई आणि देणारी बाई असा फरकच राहत नाही मग.

स्वयंपाकघराचं मात्र कडक ठेवा, इथे श्रद्धा कामाची नाही, घड्याळ आणि साबण कामाचा. शिजवलेलं अन्न एकतर ६० अंशांच्या वर गरम पाहिजे नाहीतर ५ अंशांच्या खाली थंड, मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात, त्यामुळे बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं मुलांना द्यायचं नाही. मोठं पातेलं झाकून तसंच ठेवलं तर मध्यभागी तासन् तास कोमट राहतं, म्हणून उरलेलं लगेच पसरट भांड्यांत काढा आणि फ्रिजमध्ये टाका. ज्याला जुलाब किंवा उलट्या होतायत त्याने त्या दिवशी स्वयंपाकघरात यायचं नाही, कितीही जुना व्हॉलंटिअर असला तरी. कच्च्याची सुरी वेगळी. पाणी कुठलं वापरता ते पण बघा, मी बऱ्याच ठिकाणी बघितलंय की अन्न चांगलं असतं पण प्यायच्या पाण्याचा ड्रम आठवडा आठवडा धुतलेला नसतो.

पैशांबद्दल: दुकानं, मंडया, मोठी किचन्स ह्यांच्याकडे चांगलं खाण्यायोग्य सामान रोज उरतं. फूड बँक ही कल्पनाच तशी सुरू झाली, १९६७ मध्ये अमेरिकेत फिनिक्सला जॉन व्हॅन हेंगेल धर्मादाय भोजनगृहात सेवा करायचे, तिथे त्यांना एक आई भेटली जी दुकानांनी टाकून दिलेल्या मालातून आपल्या मुलांना खाऊ घालत होती. मग सेंट मेरीज चर्चने एक जुनी इमारत दिली आणि तिथे ते सामान जमा करून वाटायला लागले. तेव्हा आधी दुकानदारांशी बोला. फक्त मुदत बघून घ्या, खराब माल "गरिबांना चालतो" म्हणून देणारे पण असतात, त्यांना सरळ नाही म्हणायचं.

वजनकाटा:
वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले. मी नर्स आहे, बालरोग विभागात. एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. शाळेतली मुलं तुम्हाला दिसतात, पण सगळ्यात जास्त नुकसान होतं ते घरात राहिलेल्या धाकट्याचं. गर्भात असल्यापासून दोन वर्षं पूर्ण होईपर्यंतचे साधारण १००० दिवस हे वाढीचे, त्या वेळी खाणं कमी पडलं तर उंची आणि मेंदूची वाढ मागे राहते आणि नंतर कितीही खायला घातलं तरी ती पूर्ण भरून निघणं फार अवघड असतं. म्हणून गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई ह्यांना तुमच्या पंगतीत आधी जागा द्या. आईला जेवू घालणं हे बाळालाच जेवू घालणं आहे.

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नाही. इथे एक विनंती, देणगीत कुणी बाळाच्या दुधाच्या पावडरचे डबे आणून दिले तर सरसकट वाटू नका. लोक चांगल्या मनाने देतात पण पाणी अस्वच्छ असलं, बाटली नीट उकळली नाही, डबा पुरवायला म्हणून पावडर पातळ केली, की बाळाला जुलाब लागतात, आणि तोपर्यंत आईचं दूध कमी झालेलं असतं. ह्याच कारणांनी १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ह्या मालाच्या जाहिराती आणि फुकट नमुन्यांवर बंधनं घालणारी नियमावली आणली. ज्या बाळाला खरंच वरच्या दुधाची गरज आहे त्याचं आरोग्य कर्मचाऱ्याला ठरवू द्या.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू, पण पातळ पाणीदार पेजेने छोटं पोट भरतं आणि ताकद काहीच मिळत नाही. दाट करा, त्यात तेल घाला, डाळ किंवा अंडं घाला. नऊ महिन्यांनंतर दिवसातून तीन चार वेळा खायला लागतं. म्हणजे आठवड्याचं एक मोठं जेवण एवढ्या बाळाला काहीच उपयोगाचं नाही, बरोबर ना?

आणि तुमच्यातल्या दोघीतिघींना दंडाची पट्टी वापरायला शिकवून घ्या, आरोग्य केंद्रात शिकवतात, काही अवघड नाही. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर ते तीव्र कुपोषित आहे, साडेअकरा ते साडेबारा म्हणजे मध्यम. दोन्ही पावलांवर सूज असेल, अंगठ्याने दाबल्यावर खड्डा राहत असेल, तर दंड कसाही असो, ते मूल गंभीर आहे. सुजेमुळे असं मूल गुबगुबीत दिसतं आणि लोक म्हणतात बरं बाळसं धरलंय, तिथेच फसगत होते. असं मूल दिसलं तर दया येऊन खूप खायला घालू नका. फार कुपोषित शरीराला अचानक भरपूर अन्न झेपत नाही, जीवावर बेतू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि आईबरोबर तुमच्यातलं कुणीतरी जा, कारण एकटी बाई जायला घाबरते किंवा तिची त्या दिवसाची मजुरी बुडते. तिच्या बाकीच्या मुलांना तेवढा वेळ सांभाळणं, ही पण मदतच आहे.

ओंजळभर:
काय बोलू, इतकं कामाचं लिहिलंत सगळ्यांनी. दुधाच्या डब्यांचं तर आमच्या डोक्यातच नव्हतं, सामानाच्या खोलीत आहेत काही, आजच बाजूला काढते. आयांना स्वयंपाकात घ्यायचं पण खूप पटलं.

प्रार्थना आणि फोटोंबद्दल कुणी सांगेल का? बैठकीत मुद्दा तिथेच अडकणार.

सावलीतला:
ताई, मी एका धर्मादाय संस्थेचा विश्वस्त आहे, माझी स्वतःची श्रद्धा पक्की आहे, त्यामुळे तुमच्या ज्येष्ठांच्या भावना मला समजतात. त्यांना एवढंच सांगा की प्रार्थना आपण करायची. स्वयंपाकाला हात लावायच्या आधी सेवेकऱ्यांनी एकत्र उभं राहून करावी, मनापासून करावी, ज्या मुलाला यायचंय ते येईल. पण वाढायला लागलं की अट नाही. भुकेल्या मुलाला "आधी हे म्हण" असं सांगितलं तर ते म्हणेल, पण त्यात देव किती आणि भूक किती, हे आपल्या मनाला माहीत असतं. सक्तीने वदवून घेतलेली प्रार्थना ही प्रार्थनेचाही अपमान आहे असं मला खरंच वाटतं.

हे कुणी बाहेरचे लोक आपल्यावर लादतायत असंही नाही. १९९४ मध्ये रेडक्रॉस आणि मदत संस्थांनी आपत्तीतल्या मदतीसाठी आचारसंहिता केली, त्यात स्पष्ट आहे की मदत गरज बघून द्यायची, आणि राजकीय किंवा धार्मिक मत पुढे रेटायला वापरायची नाही. ती तयार करणाऱ्यांत कॅरिटास, लुथरन वर्ल्ड फेडरेशन, वर्ल्ड काउन्सिल ऑफ चर्चेस ह्या ख्रिस्ती धार्मिक संस्थाही होत्या. शीख लंगर बघा, शेकडो वर्षं चालू आहे, आत बसणाऱ्याला कुणी धर्म विचारत नाही, सगळे एका पंगतीत. त्याने त्यांची श्रद्धा कमी झालेली नाही.

फोटोचं सरळ आहे. जेवणाऱ्या मुलाचा चेहरा नाही, नाव नाही, वस्तीचं नाव नाही. उद्या तेच मूल मोठं होईल आणि त्याचा ताटासमोरचा फोटो कुठेतरी फिरत असेल, त्याला विचारलं होतं का आपण? देणगीदाराला पातेल्यांचा, धान्याच्या पोत्यांचा, काम करणाऱ्या हातांचा फोटो द्या, आणि त्यासोबत महिन्याचा चोख हिशेब द्या, किती मुलं जेवली, किती खर्च झाला. हिशेब वेळेवर मिळाला की बहुतेक देणगीदार फोटोचा आग्रह सोडतात, हा माझा अनुभव. तरीही न सोडणारा एखादा निघाला तर त्याची देणगी गेली तरी चालेल, ही भूमिका कमिटीने आधीच लेखी ठरवून ठेवा. तसंच कुठलाही मोठा माणूस एखाद्या मुलाबरोबर एकटा राहणार नाही, कायम दोघं, हा नियम पण लिहून ठेवा. धार्मिक संस्थेत आपण एकमेकांवर आंधळा विश्वास ठेवतो म्हणून इथे तर जास्तच गरज आहे.

ओंजळभर:
हे जसंच्या तसं बैठकीत वाचून दाखवणार. सध्या असं ठरवतेय की सणाच्या कार्यक्रमाचे पैसे काढून शाळेच्या दिवशी सकाळचं खाणं सुरू करू, आधी एकाच शाळेत, आणि सुट्टीआधी घरी न्यायची पिशवी. वजनकाटा ताई, दंडाची पट्टी शिकायला आम्ही चौघीजणी तयार आहोत, आरोग्य केंद्रात नेमकं कुणाला भेटायचं?

वजनकाटा:
लसीकरणाच्या दिवशी जा, त्या दिवशी लहान मुलांच्या आया तिथेच असतात आणि वजन घेणाऱ्या ताई पण. त्यांना सांगा की आम्हाला मोजायला शिकवा, आणि आम्ही पाठवलेलं मूल तुम्ही बघाल ना एवढं आधी पक्कं करून घ्या, कारण मोजून ठेवलं आणि पुढे न्यायला जागा नसली तर आईला नुसती भीती घातल्यासारखं होतं. एक वही करा, मुलाचं नाव, वय, तारीख, दंडाचं माप, कुठे पाठवलं, परत भेटली का. वही कपाटात कुलपात ठेवा.