लिनक्स टाकलं, पुढं काय? कोल्हापूरकरांचा अनुभव धागा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 (सुरक्षेची चिप) लागतं, प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो. त्यामुळं गावातले कितीतरी धडधाकट लॅपटॉप एकदम म्हातारे ठरले, आणि तेव्हापासून चहाच्या टपरीवरसुद्धा लोक विचारतात, "दादा, लिनक्स टाकू का?"

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टीम; उबुंटू, मिंट, डेबियन हे तिचेच प्रकार. टाकायचं काय ते अर्ध्या तासाचं काम आहे. आमच्या उमेदीच्या काळात उबुंटूची सीडी टपालानं फुकट घरी यायची, 2011 ला ती सोय बंद झाली. आता फाइल उतरवायची, पेनड्राइव्हवर चढवायची, मशीन त्यावरून सुरू करायचं. हार्डडिस्कला हात न लावता सगळं चालवून बघता येतं. खरी गंमत त्यानंतर सुरू होते. म्हणून हा धागा. लिनक्स कसं भारी आणि बाकीचं कसं टाकाऊ, हे इथं नको. तुमचं काम काय, ते कुठं अडलं आणि सुटलं का, एवढं सांगा. सुटलं नसेल तर तेही सांगा, त्याचा उपयोग जास्त.

राजारामपुरी, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान

आमच्याकडं दिवसभर पेनड्राइव्ह येतात आणि निम्म्यांत शॉर्टकट व्हायरस. पोरगं रडकुंडीला येऊन म्हणतं, काका, प्रोजेक्ट गेला. गेलेला नसतो. व्हायरस खरा फोल्डर लपवतो आणि त्याच नावाचा शॉर्टकट पुढं ठेवतो. विंडोजवर त्या शॉर्टकटवर क्लिक केलं की व्हायरस आपल्या मशीनमध्ये. लिनक्सवर खरा फोल्डर आणि एक-दोन केबीचा तो शॉर्टकट, दोन्ही शेजारी शेजारी दिसतात. शॉर्टकट उडवायचा, प्रिंट द्यायची. पेनड्राइव्हच्या कामासाठी एक जुनं 4 जीबीचं मशीन होतं, त्यावर मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकली आणि एसएसडी बसवली. कामाला असलेल्या पोराला काही शिकवावंच लागलं नाही. खाली डावीकडं मेनू, ब्राउझर तोच, पीडीएफ तशीच.

अडलं ते दोन ठिकाणी. एक म्हणजे जुना लेझर प्रिंटर. नवीन वायफायवाला प्रिंटर लिनक्सनं आपणहून ओळखला, ड्रायव्हर मागितला नाही. जुन्याला कंपनीचाच ड्रायव्हर पाहिजे. तो बसवला तरी दोन प्रिंट निघायच्या आणि तिसरी रांगेत अडकायची. शेवटी तो विंडोजच्या मशीनला जोडला आणि तिथून नेटवर्कवर शेअर केला.

दुसरं, बोटाचे ठसे घ्यायचं यंत्र. त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं. त्यावर कुठलाही जुगाड चालला नाही. म्हणून आमच्या दुकानात एक मशीन विंडोज, बाकी सगळी लिनक्स. कोण म्हणेल हे अर्धवट झालं. आमचं गिऱ्हाईक तसं म्हणत नाही.

बीसीएचा विद्यार्थी, मूळ कागल तालुका

आमच्या प्रॅक्टिकलला अजून टर्बो सी, म्हणजे डॉसच्या काळातला सी भाषेचा कंपायलर. निळा स्क्रीन, तोही डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवायची सोय) चालवलेला. माझ्याकडं सीनियरचा जुना लॅपटॉप आला, त्यात उबुंटू होतं. वहीतला प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप केला तर पहिल्याच ओळीला एरर: कोनिओ डॉट एच नावाची फाइलच नाही. ती डॉसच्या कंपायलरांची हेडर फाइल, सी भाषेच्या स्टँडर्डमध्ये ती नाहीच. म्हणजे वहीतले क्लिअरस्क्रीन आणि गेटसीएच दोन्ही गेले. व्हॉइड मेनवर जीसीसी (लिनक्सवरचा सी कंपायलर) वॉर्निंग देतो, तिथं इंट लिहायचं. ही साफसफाई केली आणि प्रोग्रॅम चालला.

खरा धक्का फॅक्टोरियलला बसला. टर्बोवर 8 चं फॅक्टोरियल उणे 25216 यायचं आणि आम्ही वहीत "गार्बेज व्हॅल्यू" लिहून मोकळे. लिनक्सवर तोच प्रोग्रॅम 40320 दाखवतो. टर्बोत इंट (पूर्णांक ठेवायचा प्रकार) 2 बाइटचा, 32767 च्या पुढं मावत नाही. इथं 4 बाइटचा, त्यामुळं 12 पर्यंत उत्तर बरोबर येतं आणि 13 ला बोंब. हे बघितल्यावर इंटची मर्यादा जी डोक्यात बसली, ती नोट्स वाचून कधी बसली नव्हती.

नवीन पोरांसाठी तीन गोष्टी. टर्मिनलमध्ये (कमांड लिहायची खिडकी) पासवर्ड टाइप करताना बऱ्याचदा स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बिघडलेला नसतो, टाइप करून एंटर मारायचं. टर्मिनलमध्ये पेस्ट करायला कंट्रोल-शिफ्ट-व्ही. आणि प्रोग्रॅम चालवताना नावाच्या आधी डॉट-स्लॅश द्यायचा, कारण आपण उभे आहोत त्या फोल्डरमध्ये लिनक्स आपणहून शोधत नाही. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, परीक्षेत टर्बोचंच लिही. लिहितोय.

(धागाकर्ता: भावा, परीक्षेत टर्बोचं आणि मुलाखतीत जीसीसीचं लिही. सुडो (म्हणजे मशीनवरचा पूर्ण अधिकार) लावून कुठलीही कमांड चिकटवण्याआधी ती काय करते हे वाचायची सवय आत्ताच लावून घे. नेटवर 'आरएम' आणि 'आरएफ' असलेली ओळ चेष्टेनं सुचवणारे महाभाग असतात. ती फाइली उडवते, आणि रिसायकल बिनमध्ये ठेवत नाही.)

मंगळवार पेठ, निवृत्त शिक्षिका

माझं काम एवढंच, की आई-आजीच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या टाइप करायच्या. अंबाबाई, जोतिबा, माहेरची वाट, सगळं त्यात आहे. तरुणपणी मराठी टाइपरायटरची परीक्षा दिलेली, त्यामुळं बोटांत रेमिंग्टन टाइपरायटरची मांडणी. भाच्यानं लॅपटॉपवर मिंट घालून दिलं, कीबोर्डच्या यादीत मराठी निवडलं आणि म्हणाला, "मावशी, आता इन्स्क्रिप्ट शीक." मी म्हणाले, या वयात? तो म्हणाला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला, स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, तुम्ही बाराखडी शिकवलीत ना आयुष्यभर? मग बोलायला जागाच उरली नाही.

अडले ते 'वाऱ्या'पाशी. ओव्यांत वाऱ्यावाचून पान हलत नाही आणि माझा सारखा 'वार्या' उमटायचा. त्याची किल्ली अशी: साधा र इंग्रजी जे (J) च्या बटणावर आहे आणि शिफ्ट धरून तेच बटण दाबलं की नुक्त्याचा ऱ येतो. त्याला डी चा हलन्त आणि पुढं य लावला की वाऱ्याचा ऱ्या नीट उमटतो. हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझा चष्मा बदलायचा खर्च वाचला असता.

लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) आणखी एक अडचण. मी स्टाइलमध्ये अक्षर मोठं करायची आणि मराठी तेवढंच राहायचं. तिथं इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा ठरवतात. देवनागरीचा रकाना 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' या नावाखाली असतो, आकार तिथं बदलायचा. आता मुक्ता फॉन्ट लावलाय, डोळ्यांना बरा वाटतो.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतही आहेत. लिनक्सचे आहेत, लिब्रेऑफिसचेही आहेत. धडा छोटा, एका बाजूला व्हिडिओ लावायचा, थांबवायचा, दुसरीकडं आपण करून बघायचं. भाच्याला सारखा फोन करण्यापेक्षा हे बरं. तो परवा म्हणाला, मावशी, हल्ली फोन का नाही?

लक्ष्मीपुरी, कर सल्लागार

परत विंडोजवर गेलो. हिशेबाचं पॅकेज विंडोजचं, ते वाइनवर (लिनक्समध्ये विंडोजचे प्रोग्रॅम चालवायची सोय) उघडलं, पण डेटा कधी उघडायचा कधी नाही. पक्षकारांच्या डिजिटल सहीच्या टोकनपैकी एकाचा लिनक्स ड्रायव्हर मिळाला, दुसऱ्याचा मिळाला नाही. रिटर्नच्या शेवटच्या तारखेला प्रयोग करत बसायला माझ्याकडं वेळ नाही. घरच्या लॅपटॉपवर मात्र उबुंटू ठेवलंय.

(धागाकर्ता: वकील, सीए, करवाल्यांनी हे दोनदा वाचा. ज्या एका सॉफ्टवेअरवर तुमची भाकरी आहे, ते आधी पेनड्राइव्हवरच्या लिनक्समध्ये चालवून बघा. ते चालत नसेल तर बाकीच्या शंभर गोष्टी चालून उपयोग नाही.)

शिवाजी उद्यमनगर, मशीन शॉप

आमची लेथ चांगली, कंट्रोलर मेलेला. नवीन कंट्रोलरचा भाव ऐकून वडील म्हणाले, भंगारात घाल. एका मित्रानं लिनक्ससीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवरून लेथसारखी मशीन चालवायच्या सॉफ्टवेअरचं, नाव काढलं. मुळात अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेत सुरू झालेलं हे काम, आता फुकट आणि सगळ्यांसाठी खुलं. त्याची डेबियनवर बांधलेली तयार आयएसओ (इन्स्टॉल करायची फाइल) मिळते. मी कॉम्प्युटरचा माणूस नाही, जी-कोड (मशीनला हुकूम द्यायची भाषा) तेवढा हातचा.

इथं लिनक्स टाकणं आणि ऑफिसच्या मशीनवर टाकणं यात फरक आहे. ऑफिसमध्ये माउस क्षणभर अडकला तर काय बिघडतं? स्टेपर मोटारला मात्र पल्स ठरल्या क्षणीच जायला पाहिजे. उशीर झाला की स्टेप चुकते आणि जॉब रिजेक्ट. त्यासाठी रिअल-टाइम कर्नल (काम ठरल्या वेळीच करणारा लिनक्सचा गाभा) लागतो आणि आधी लेटन्सी टेस्ट, म्हणजे उशीर किती होतो याची चाचणी, घ्यायची. टेस्ट चालू ठेवून मशीनला मुद्दाम छळायचं: विंडो इकडंतिकडं ओढ, गाणी लाव, मोठ्या फाइली कॉपी कर. सर्वात वाईट आकडा 15 ते 20 हजार नॅनोसेकंदांच्या आत राहिला तर पॅरलल पोर्टवरून मोटारी सुखानं चालतात.

पहिल्या पीसीचा आकडा लाखाच्या वर गेला. तो पीसी नवा, वेगवान, सगळे म्हणाले हाच चालेल. न्हाई चालला! नंतर कळलं की वेग आणि वक्तशीरपणा या दोन वेगळ्या गोष्टी. मदरबोर्ड आपलं काहीबाही मधेच करत बसतो, आणि बोर्डावरचं ग्राफिक्सही अडथळा आणतं. गुदामातला धुळीनं माखलेला डेस्कटॉप काढला. त्याला पॅरलल पोर्टही होता. बायोसमध्ये हायपरथ्रेडिंग आणि वीज वाचवायचे सगळे पर्याय बंद केले, आकडा मर्यादेत आला.

स्टेपकॉन्फ नावाचा विझार्ड आहे. स्क्रूचा पिच, मोटारच्या स्टेप, ड्रायव्हरचं मायक्रोस्टेपिंग भरलं की तो सगळी फाइल तयार करून देतो. एक्स अक्ष उलटा फिरत होता, तिथंच पिन उलटी केल्याची खूण केली, काम झालं. आपत्कालीन स्टॉपचं बटण मात्र सॉफ्टवेअरवर सोडू नका. थेट ड्राइव्हचा पुरवठा तोडेल असं वायरिंग करा. पीसी गोठला तर माउसनं लेथ थांबत नाही.

वडील रोज येऊन उभे राहायचे, बोलायचे नाहीत. पहिला पिन कापून निघाला, मायक्रोमीटर लावला आणि एवढंच म्हणाले, "बरं आहे. आता कव्हर बसव, बुरादा जाईल आत."

(धागाकर्ता: रिअल-टाइमचं हे काम बरीच वर्षं वेगळे पॅच म्हणून फिरत होतं. 2024 मध्ये 6.12 आवृत्तीपासून ते मूळ कर्नलमध्येच आलं.)

कसबा बावडा

माझं छोटं आहे. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. लिनक्सवरून विंडोजला गेलं की घड्याळ बरोबर साडेपाच तास मागं. मी बॅटरी बदलायला निघालेलो. कारण असं, की लिनक्स मशीनच्या घड्याळात ग्रीनिच वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. टाइमडेटसीटीएल या कमांडनं मशीनच्या घड्याळात (आरटीसी) स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं, मिटलं. आणि विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्सला नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

महाद्वार रोडजवळ, लग्नपत्रिका आणि डीटीपी

आमची सगळी जुनी कामं पेजमेकरमध्ये (पानाची मांडणी करायचं जुनं सॉफ्टवेअर). लिब्रेऑफिस ड्रॉमध्ये त्या फाइली उघडतात, हे बघून मी उडालोच. उघडल्या, पण मजकूर इंग्रजी अक्षरांचा कचरा. कारण आमचे फॉन्ट युनिकोडच्या (मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवायची पद्धत) आधीचे. फाइलमध्ये इंग्रजी अक्षरंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचा मुखवटा घालतो. कन्व्हर्टर मिळतात, तरी जोडाक्षरं डोळ्यांखालून घालावीच लागतात. 'श्री कुलस्वामिनी प्रसन्न' मध्ये चूक राहिली तर वधूपिता दुकानात येतो.

मी असं ठरवलं: जुनी फाइल जुन्या मशीनवर, नवीन काम युनिकोडमध्ये. डिझाइन इंकस्केपमध्ये, देवनागरी तिथं झकास जुळते. मात्र इंकस्केपचा रंग आरजीबी (स्क्रीनचा) आणि ऑफसेटला सीएमवायके (छपाईच्या शाईचा) लागतो, म्हणून शेवटची मांडणी स्क्राइबसमध्ये करून पीडीएफ काढतो. कुंकवाचा लाल प्रेसवाल्याच्या मनासारखा यायला बराच घोळ झाला. बदल करायचा तर पावसाळ्यात करा, लग्नसराईत नको.

इचलकरंजीहून प्रश्न

धागा वाचून मिंट पेनड्राइव्हवरून चालू केलं. सगळं दिसतंय, पण वायफायची यादीच येत नाही. ड्रायव्हर उतरवायला नेट पाहिजे आणि नेटला ड्रायव्हर. आता?

(धागाकर्ता: मोबाइल यूएसबी केबलनं लॅपटॉपला जोडा. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्स त्याला वायरचं नेट समजतं, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मग मेनूत ड्रायव्हर मॅनेजर उघडा, तो वायफायचं कार्ड ओळखून काही सुचवतो का बघा. केबल फक्त चार्जिंगची नको, डेटावाली पाहिजे. काहीच सुचवलं नाही तर टर्मिनलमध्ये एलएसपीसीआय लिहा आणि 'नेटवर्क' शब्द असलेली ओळ इथं टाका.)