दुवे तुटतात ते मार्गामुळे, आणि तारखांचंही बघा

विंडोजवरच्या, दुव्यांनी एकमेकींना जोडलेल्या (एकीतला आकडा दुसरीत आपोआप येतो अशा) एक्सेल फाइल्स लिनक्सवर नेल्यावर सगळीकडे '#REF!' सारख्या चुका दिसतात, त्यावर कुणीतरी 'सूत्रं पुन्हा लिहा' असं सुचवलंय. एवढी हमाली नको. सूत्रं बहुतेक वेळा ठीकच असतात, बिघडतो तो फाइलचा मार्ग, म्हणजे ती कुठल्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता. विंडोजवर तो 'डी ड्राइव्ह' वगैरेपासून सुरू होतो, लिनक्स किंवा मॅकवर ड्राइव्हचं अक्षर हा प्रकारच नाही.

म्हणून हलवण्याआधी विंडोजवरच सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये आणा, दुवे तपासून सेव्ह करा आणि मग अख्खा फोल्डर उचला. लिब्रेऑफिसच्या (लिनक्सवर एक्सेलच्या फाइल्स उघडायचं मोफत सॉफ्टवेअर) सेटिंगमध्ये मार्ग फाइलच्या जागेच्या संदर्भाने साठवायचा पर्याय असतो, तो चालू आहे ना ते बघा. तरीही काही दुवे राहिलेच, तर 'एडिट' मेनूतून बाहेरच्या फाइल्सचे दुवे एकेक करून बदलता येतात. कंटाळवाणं आहे, पण होतं.

लिनक्सवर फाइलच्या इंग्रजी नावातलं कॅपिटल आणि स्मॉल अक्षर वेगळं धरतात. माझी अर्धी संध्याकाळ एका कॅपिटल 'एस'पायी गेली होती.

जुन्या मॅकवरच्या फाइल्स असतील तर मात्र सावध. तिथे एक्सेल तारखा 1904 पासून मोजायचं, विंडोजवर 1900 पासून. अशा दोन फाइल्स जोडल्या की तारीख 1462 दिवसांनी सरकते आणि चूक म्हणून काहीच दिसत नाही.