संगणकाने सांगितलेले प्रथिनाचे कार्य नोंदीत सरळ लिहावे का?

खाजणकाठ, रत्नागिरी
भाट्याच्या खाडीतील तिवरांखालच्या चिखलातून आम्ही एक जिवाणू वेगळा केला आणि त्याच्या प्रथिनांचे अमिनो आम्लांचे क्रम संगणकाला दिले. एका प्रथिनापुढे ‘कायटिनेज’ असे उत्तर आले. कोळंबीच्या सालीतील कायटिन तोडणाऱ्या विकराचे मोल मिरकरवाड्यात कोळंबी उतरताना पाहिलेल्यांना सांगायला नको. हे कार्य प्रथिनांच्या माहितीसाठ्यातील नोंदीत सरळ लिहावे, असे माझे मत आहे. १९९० साली आलेले ब्लास्ट हे क्रम ताडून पाहणारे संगणक-साधन क्रमांतील साम्यावर चालते; प्रथिनांचे क्रम मजकुरासारखे वाचणारी आजची भाषा-प्रारूपे कोट्यवधी क्रमांवर शिकलेली असल्यामुळे, साम्य पुसट झालेले दूरचे नातलगही पुष्कळदा ओळखतात. युनिप्रॉट या प्रथिनांच्या माहितीसाठ्यात तज्ज्ञांनी तपासलेल्या नोंदी पावणेसहा लाखांच्या आसपास आहेत आणि न तपासलेल्या कोट्यवधी. प्रत्येकीसाठी प्रयोगाची वाट पाहणे शक्य नाही.

ओहोटी, मालवण
माझा याला ठाम विरोध आहे, कारण नाते ओळखले म्हणजे काम ओळखले असे होत नाही. माणसाच्या शरीरातील वायकेएल-४० हे प्रथिन कायटिनेजच्याच कुळातले आणि त्याच्या साखळीची घडीही तशीच. पण कायटिनची साखळी तोडणाऱ्या ग्लुटामिक आम्लाच्या जागी तिथे ल्युसिन आहे, म्हणून ते कायटिनला धरते, तोडत मात्र नाही. तुमची नोंद उद्या दुसऱ्याला पुरावा म्हणून सापडेल, त्याची तिसऱ्याला, आणि मुळात तो अंदाज होता याचा मागमूसही राहणार नाही.

खाजणकाठ
दाखला मान्य आहे, पण तो बदल क्रमातच दिसतो. आमचा क्रम आत्ता पुन्हा उघडून पाहिला. ग्लुटामिक आम्ल जागेवर आहे. शिवाय जीन ऑन्टॉलॉजीत, म्हणजे जनुकांची कार्ये ठरावीक शब्दांत नोंदवण्याच्या पद्धतीत, यंत्राने केलेल्या, कुणी न तपासलेल्या नोंदीवर ‘आयईए’ ही खूण असते.

ओहोटी
खूण असते, पण तक्ता उतरवून घेताना नेमका तोच रकाना गळतो. असे तक्ते मी स्वतः रात्र-रात्र बसून दुरुस्त केले आहेत. प्रथिनांच्या कार्याचे संगणकी अंदाज पारखणाऱ्या काफा या उपक्रमात अंदाज आधी जमा करतात आणि प्रयोगांचे नवे पुरावे साचल्यावरच त्यांना गुण देतात. तुम्हीही तोच क्रम पाळावा. कायटिन मिसळलेल्या थाळीवर वाढवलेल्या जिवाणूभोवती पारदर्शक कडे उमटले, तरी ते याच प्रथिनामुळे की दुसऱ्या एखाद्या विकरामुळे, हे त्याचे जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जिवाणूमध्ये घातल्याशिवाय ठरणार नाही.

खाजणकाठ
कडे उमटले आहे. जनुकाचे काम अजून व्हायचे आहे. तोवर ‘कायटिनेज कुळातील प्रथिन, कार्य अनुमानित’ असे नावातच लिहितो, म्हणजे रकाना गळला तरी शब्द राहील. कार्याचा रकाना कोरा मात्र ठेवणार नाही.