मदत हवी आहे: मालक वारले आहेत, गाडी अजून त्यांच्याच नावावर. भाव आणि पैसे कसे ठरवू?

नमस्कार मंडळी. मी तासगावचा, कुपवाड एमआयडीसीत कामाला आहे. कंपनीची बस गेल्या महिन्यापासून बंद झाली आणि दुसऱ्या पाळीवरून रात्री सुटल्यावर घरी यायला काहीच मिळत नाही. नव्या गाडीचा हप्ता झेपणार नाही म्हणून जुनी बघतोय. सगळं मिळून 50,000 पर्यंत जमवलेत, त्यातच दुरुस्ती आणि कागदपत्रं बसवायची आहेत.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू राहतात. त्यांच्याकडे होंडा शाइन आहे, डिसेंबर 2018 ची, एमएच-10 पासिंग. काकांनी रोखीने घेतली होती, त्यामुळे आरसीवर बँकेचा बोजा नाही. काका चौदा महिन्यांपूर्वी गेले आणि तेव्हापासून गाडी पडवीत उभी आहे. काकू 48,000 म्हणतात.

रविवारी ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन बघायला गेलो. टाकीवर काकांचा जुना टॉवेल घातलेला होता, तो काकूंनीच बाजूला केला. सेल्फ गेलेला. किक मारून मारून पंधराव्या-सोळाव्या वेळेला सुरू झाली, पण ऍक्सिलरेटर सोडला की बंद पडायची. मेकॅनिक म्हणाला, कार्ब्युरेटरमध्ये जुनं पेट्रोल सुकून बसलंय, इंजिन मात्र ठणठणीत आहे, खोललेलं नाही. धूर नाही. पुढच्या टायरवर 4718 आकडा आहे, म्हणजे 2018 च्या 47 व्या आठवड्यात बनलेला, गाडीबरोबर आलेलाच. मागचा बदलावा लागेल. त्याने तिथेच कागदावर खर्च मांडून दिला: बॅटरी 1,400, कार्ब्युरेटर आणि सर्व्हिसिंग 1,200, मागचा टायर 1,900, पुढच्या शॉकअपचे ऑइल सील 700. म्हणजे 5,200.

साइड कव्हरच्या आत प्लास्टिकच्या पिशवीत एक छोटी वही निघाली. काकांनी प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्यावर तारीख, लिटर आणि किलोमीटर लिहून ठेवलेत. शेवटची नोंद 31,386, आणि मीटरवर आज 31,402. मीटर मागे फिरवलेला नाही याची याहून चांगली खात्री मला कुठे मिळणार होती?

गाडी मला पसंत आहे. अडतंय ते दोन ठिकाणी.

पहिलं, भाव. काकू म्हणाल्या, "आमच्या ह्यांनी जिवापाड सांभाळलीय रे, पावसात कधी भिजू दिली नाही." यावर मी घासाघीस काय करू? मी गप्प बसलो आणि नंतर सांगतो म्हणून घरी आलो. 42,000 च्या वर गेलो तर माझं गणित कोलमडतं.

दुसरं, पैसे. काकूंना मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी महिनाअखेरीस 15,000 हवेत, म्हणून तेवढा इसार आधी मागतात. आरसी अजून काकांच्या नावावर आहे. एक एजंट म्हणाला, "जुन्या आरसीवरची सही बघून टीटी फॉर्मवर (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर) सही मारून घेतो, आठ दिवसांत तुझ्या नावावर." मला हे पटलं नाही. गेलेल्या माणसाची सही कशी मारायची? पण सरळ रस्ता कोणता तेही कळत नाही. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद 1

त्या एजंटला आजच नाही म्हणा, ती सरळ सरळ खोटी सही आहे. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते, त्यासाठी फॉर्म 31 असतो. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकीच्या वारसांची संमती जोडायची. अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. तुमच्याकडे चौदा महिने झालेत, तेव्हा उशिराचा दंड धरून चला. आरसी काकूंच्या नावावर आली की मग नेहमीसारखे फॉर्म 29 आणि 30 भरून गाडी तुमच्या नावावर.

काकांच्या आई हयात आहेत का, ते आधी विचारा. हिंदू वारसा कायद्यात बायको-मुलांच्या बरोबरीने आईही पहिल्या वर्गातली वारस आहे. लोक मुलांच्या सह्या घेतात आणि आजींना विसरतात.

नाव बदलेपर्यंत गाडी काकूंच्या पडवीतच राहू दे. डिसेंबर 2018 ची आहे म्हणजे पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा 2023 मध्येच संपला असणार. आणि 2018 च्या नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक म्हणून जबाबदार. उद्या आरसी काकूंच्या नावावर असताना तुम्ही गाडी नेलीत आणि रस्त्यात काही झालं, तर नोटीस काकूंच्या दारात येईल. त्यांनाही हे समजावून सांगा.

प्रतिसाद 2

भावाबद्दल माझं मत. गाडीला एका शब्दानेही नावं ठेवू नका. मेकॅनिकचा कागद काकूंच्या हातात द्या. त्यात विमा (सव्वाशे सीसीला थर्ड पार्टीचा 2022 मध्ये ठरलेला दर 714 अधिक कर) आणि नवी नंबर प्लेट (एप्रिल 2019 आधीच्या गाड्यांना लागते, दुचाकीला 450 अधिक कर) लिहा, म्हणजे आणखी चौदाशेच्या आसपास. एकूण 6,600. "काकू, गाडी 48,000 चीच आहे, पण रस्त्यावर आणायला एवढे लागतात," असं म्हणा. कोणाचा अपमान होत नाही. आणि एक आकडा सांगून गप्प बसा. आपणच बोलत राहिलो की आपणच भाव चढवतो.

रोख देऊ नका. काकूंच्या स्वतःच्या खात्यावर टाका, पुतण्या-भाच्याच्या नाही. इसार पावतीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत, आणि नाव बदललं नाही तर इसार किती दिवसांत परत, हे लिहून दोघांच्या सह्या.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल जाऊन आलो.

कागद दिला. काकूंनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि टायरपाशी थांबल्या. "मागचा टायर ह्यांनी बदलायला काढलाच होता," म्हणाल्या. मी 41,000 सांगितले आणि गप्प राहिलो. फार जड गेलं ते. त्या आत जाऊन मुलीशी बोलून आल्या आणि 43,000 म्हणाल्या. शेवटी 42,500 वर ठरलं. फॉर्म 31 चा खर्च आणि दंड त्यांच्याकडे, 29-30 चा माझ्याकडे. माझ्या मर्यादेपेक्षा पाचशे जास्त गेले, पण 50,000 च्या आत कसंबसं बसतं आणि मला ते मान्य आहे.

पैशांचं असं: सगळ्या वारसांच्या सह्या प्रतिज्ञापत्रावर झाल्या की त्याच दिवशी 15,000 काकूंच्या खात्यावर, म्हणजे फीची सोय होते. आरसी त्यांच्या नावावर आली की 15,000. माझ्या नावच्या अर्जाची पावती हातात आली की उरलेले 12,500, आणि तेव्हाच गाडी घरी आणायची. तोपर्यंत रात्री एका सहकाऱ्याच्या मागे बसून येतोय, त्याला पेट्रोलचे निम्मे देतो.

वही काकूंना ठेवायची आहे. मी पानांचे फोटो काढून घेतले.

आणि हो, आजी आहेत. मिरजेला लेकीकडे असतात, त्यांना सही येत नाही, अंगठा द्यावा लागेल. फार चालवत नाही त्यांना. शनिवारी आम्ही जाणार आहोत. प्रतिज्ञापत्रासाठी त्यांना नोटरीसमोर न्यावंच लागतं की नोटरी घरी येतात? अंगठ्याला साक्षीदार किती लागतात? कोणी असं केलं असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा, म्हणजे त्यांना दोनदा रिक्षात बसवायला नको.