शेजारी वैरी झाला तर रोम १२:२० पाळायचं कसं?

सातपुडा_पायथा
सर्वांना सलाम. नवापूर भागातल्या मंडळीत (चर्चमध्ये) बायबलमधल्या रोम १२:१७-२१ वर, म्हणजे प्रेषित पौलाच्या रोमकरांना लिहिलेल्या पत्रावर, अभ्यास घ्यायचाय. वैऱ्याला जेवू घाला, पाणी पाजा, हे सगळ्यांना पाठ आहे. पण शेजाऱ्याने बांध कोरला, शेताची वाट अडवली, तर नेमकं करायचं काय? केस केली तर आज्ञा मोडली का?

तापीकाठ
आधी निर्गम २३:४-५ घ्या. वैऱ्याचा बैल भरकटलेला दिसला तर त्याच्याकडे पोचवायचा, गाढव ओझ्याखाली बसलं तर हात लावायचा. म्हणजे त्याची गुरं कपाशीत शिरली तर कोंडवाड्यात न घालता त्याच्या दावणीला नेऊन बांधा. काळ्या मातीत ट्रॉली रुतली तर दोर घेऊन जा. मनात प्रेम आल्यावर जा, असं तिथे कुठेच लिहिलेलं नाही.

प्रार्थना रोज, नाव घेऊन. "देवा, त्याला अक्कल दे" ही तर तक्रार झाली भो! त्याचं पीक, पोरांचं शिक्षण, घरातलं आजारपण, यासाठी मागा.

बिघडतं ते मदत फार मोठी केली की. माणूस मिंधा होतो आणि जास्तच चिडतो. केळीला पाणी द्यायच्या दिवसांत त्याची मोटर जळाली तर आपल्या विहिरीवरून दोन तास पाणी द्या, नवी मोटर घेऊन देऊ नका. आणि मंडळीच्या ग्रुपवर फोटो तर नकोच. तो त्याच्यापर्यंत पोचतोच.

धुळ्याचा_वकील
वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, पण अडथळा आल्यापासून ६ महिन्यांच्या आत. ही मुदत प्रार्थनेत घालवू नका. बांधासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज द्या.

यात आज्ञा मोडत नाही. फिलिप्पै शहरात चौकशीविना फटके मारले तेव्हा पौलाने अधिकाऱ्यांनाच तुरुंगात यायला लावलं (प्रे. कृत्ये १६:३७), पुढे कैसराकडे (रोमी सम्राटाकडे) दाद मागितली (२५:११). मात्र दाव्यात वाटेपुरतंच लिहा. रागाने खोटी मारहाण जोडली, की तो रोम १२:१९ ने मना केलेला सूडच.

मत्तय १८:१५-१७ च्या पायऱ्या (आधी एकट्याने, मग एकदोघांना घेऊन, शेवटी मंडळीपुढे) विश्वासी भावासाठी आहेत. शेजारी मंडळीबाहेरचा असेल तर पहिल्या दोन चालतील. तिसरीने नुसती बदनामी होते.

सातपुडा_पायथा
आभार दादा. आणि १२:२० मध्ये पुढे, असं केल्याने वैऱ्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करशील, असं आहे, त्याचं काय? पोरं म्हणतात, म्हणजे तो जळेल ना!

तापीकाठ
ते नीतिसूत्रे २५:२१-२२ मधून आलंय. अर्थावर मतभेद आहेत. बरेच जण शरमेने मन वळणं असा घेतात. जाळण्याचा अर्थ रोम १२ च्या १९ (सूड घेऊ नका) आणि २१ (बऱ्याने वाईटाला जिंका) या ओव्यांच्या मध्ये बसतच नाही. जोडीला २ राजे ६:२१-२३ वाचा: हाती लागलेल्या शत्रूच्या अरामी सैन्याला अलीशा संदेष्ट्याने जेवण देववून परत पाठवलं. पण समोरचा बदलेलच असं कबूल करू नका; रोम १२:१८ मध्येच "शक्य असल्यास" शांतीने राहा असं आहे.

मंडळीसेविका
एक भर. नवरा किंवा दीर मारहाण करत असेल तर हा धडा त्या बाईला लावू नका. आधी तिला सुरक्षित घरी हलवा, ११२ ला फोन करा. तिच्या वतीने भेटायला पाळकांसोबत आणखी एक वडील माणूस जाऊ दे, ती स्वतः नको.